रिमोट हरवलेला अ‍ॅम्प्लिफायर कॉम्प्युटरवरून कसा चालवायचा? सिरीयल पोर्टची सोपी ओळख

घरात जुना होम थिएटर रिसीव्हर पडून आहे. आवाज अजून दणदणीत आहे, पण रिमोट हरवलाय आणि पुढची बटणं नीट चालत नाहीत. अशी चांगली वस्तू बऱ्याचदा मिळेल त्या किमतीला विकली जाते. मित्रांनो, विकायच्या आधी एकदा तिची मागची बाजू बघा. तिथे दोन ओळींत ९ पिना किंवा ९ छिद्रं असलेला पोर्ट दिसला आणि त्याच्याजवळ 'आरएस-२३२' असं लिहिलेलं असलं, तर तो रिसीव्हर कॉम्प्युटरवरून, अगदी अँड्रॉइड फोनवरूनही चालवता येऊ शकतो. (तीन ओळींत १५ छिद्रं असतील तर तो व्हीजीए, म्हणजे स्क्रीनचा पोर्ट. त्याचा इथे उपयोग नाही.)

यातून गाणं जात नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हाच असतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. रिसीव्हरच्या सिरीयल पोर्टचा नेहमीचा वेग आहे सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे बरोबर १४७ पट कमी! त्यामुळे गाणं नेहमीच्याच ऑडिओ केबलने जाणार. सिरीयल केबलने जातात फक्त कमांड: चालू हो, आवाज वाढव, इनपुट बदल. थोडक्यात, हा तारेचा रिमोट आहे.

पण टीव्हीच्या साध्या रिमोटला जे जमत नाही ते याला जमतं. तो रिमोट फक्त सांगतो, पुढे काय झालं ते त्याला कळत नाही. सिरीयल पोर्टवर मात्र रिसीव्हर उत्तर देतो.

कमांड म्हणजे नक्की काय?

कमांड म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं. डेनॉनच्या रिसीव्हरचं उदाहरण घेऊ. पी-डब्ल्यू-ओ-एन ही चार मोठी अक्षरं पाठवून एंटर दिलं की मशीन चालू होतं. एम-व्ही-यू-पी पाठवलं की आवाज एक पायरी वाढतो. पी-डब्ल्यू आणि पुढे प्रश्नचिन्ह पाठवलं की ते चालू आहे की स्टँडबायवर, हे मशीन स्वतः सांगतं. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते, म्हणून तुमच्या मॉडेलचं नाव आणि 'आरएस-२३२ प्रोटोकॉल' असं इंग्रजीत सर्च करून त्याची कमांडची पीडीएफ आधी शोधा. काही मॉडेलमध्ये हा पोर्ट फक्त सर्व्हिस किंवा अपडेटसाठी असतो, तेही तिथेच कळेल.

जोडायचं कसं?

१. आजच्या लॅपटॉपला हा पोर्ट नसतो, म्हणून 'यूएसबी टू आरएस-२३२' कन्व्हर्टर घ्या. फोनला जोडायचा असेल तर सोबत ओटीजी अडॅप्टर लागेल.

२. केबल दोन प्रकारची असते. सरळ केबलमध्ये २ नंबरची पिन २ लाच जाते. क्रॉस केबलमध्ये (हिला नल मोडेमही म्हणतात) २ आणि ३ ची अदलाबदल असते, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्याच्या पिनवर जातं. कोणती लागेल ते मॅन्युअलमध्ये असतं. डेनॉनला सरळ लागते.

३. विंडोजवर 'पुटी' आणि अँड्रॉइडवर 'सिरीयल यूएसबी टर्मिनल' ही अ‍ॅप्स चालतात. सेटिंग मॅन्युअलप्रमाणे ठेवा. डेनॉनसाठी वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १.

४. कमांडच्या शेवटी 'कॅरेज रिटर्न' जायला हवं. फोनच्या अ‍ॅपमध्ये हे सेटिंग वेगळं तपासा, नाहीतर अक्षरं जातील पण मशीन ढिम्म हलणार नाही.

दोन ठिकाणी नुकसान होऊ शकतं

पहिलं म्हणजे व्होल्टेज. आरएस-२३२ मध्ये सिग्नल ३ ते १५ व्होल्टचा असतो, तोही प्लस आणि मायनस दोन्ही बाजूंना. रास्पबेरी पाय किंवा ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. तार थेट जोडली तर बोर्ड जळू शकतो. मध्ये मॅक्स३२३२ चिपचं छोटं मॉड्यूल लावायचंच. बाजारात 'यूएसबी टू टीटीएल' नावाचा स्वस्त कन्व्हर्टरही मिळतो. नाव सारखं वाटतं, पण तो या कामाचा नाही.

दुसरं म्हणजे आवाज. बटण फिरवताना आपला हात आपोआप थांबतो, आकडा टाइप करताना तसं होत नाही. डेनॉनमध्ये एम-व्ही-८० म्हणजे ० डेसिबल, म्हणजे भरपूर मोठा आवाज. सुरुवात ३० किंवा ४० पासून करा. एक आकडा चुकला तर स्पीकर फाटू शकतो.

उत्तरच येत नसेल तर?

कन्व्हर्टर रिसीव्हरपासून काढा आणि त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना छोट्या तारेने जोडा. अ‍ॅपमधला 'लोकल इको' बंद ठेवून काहीतरी टाइप करा. तीच अक्षरं परत आली तर कन्व्हर्टर ठीक आहे. मग दोष केबलच्या प्रकारात किंवा सेटिंगमध्ये शोधा. काहीच आलं नाही तर कन्व्हर्टर किंवा त्याचा ड्रायव्हर तपासा. एकामागोमाग कमांड पाठवतानाही थोडं थांबा. डेनॉनला चालू केल्यावर पुढच्या कमांडआधी एक सेकंद द्यावा लागतो.

आता वायफाय असताना हे कशाला?

कारण याला ना पासवर्ड लागतो, ना इंटरनेट, ना कंपनीचं अ‍ॅप. आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० मध्ये आलं आणि हॉलमधल्या, कॉन्फरन्स रूममधल्या यंत्रांवर ते आजही दिसतं. इतकंच काय, नेटवर्कवाल्या अनेक डेनॉन रिसीव्हरना याच कमांड लॅन केबलवरूनही पाठवता येतात. कंपनीने अ‍ॅप बंद केलं की नवी वस्तूसुद्धा अडून बसते. कमांडची पीडीएफ हातात असेल तर जुना रिसीव्हर मात्र अडत नाही. म्हणून ती पीडीएफ आजच डाउनलोड करून ठेवा आणि सेकंडहँड रिसीव्हर घेताना पुढच्या दिव्यांसोबत मागचा पोर्टही बघा.