कॉफीच्या बिलातून पगार

बेंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळावर ‘मिट्टी कॅफे’चं काउंटर आहे. चहा, कॉफी, खायला काहीबाही, सगळं चारचौघांसारखंच. ऑर्डर घेणारी, कॉफी करणारी, ट्रे पुढे ठेवणारी माणसं मात्र दिव्यांग आहेत. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला नीट दिसत नाही, कुणाची बौद्धिक वाढ कमी झालेली. विमानप्रवाशांकडून समाजकार्यासाठी पैसे उभे करायच्या जगभर नाना युक्त्या निघाल्या. त्यांत मला ही सर्वांत जास्त पटते. इथे प्रवाशाकडे कुणी हात पसरत नाही. तो आपली कॉफी विकत घेतो आणि त्या बिलातून कुणाचा तरी पगार निघतो.

यातली सर्वांत गाजलेली युक्ती युनिसेफची. 1987 मध्ये सुरू झालेल्या ‘चेंज फॉर गुड’चं गणित साधं होतं. परदेशातून निघताना खिशात तिथली चिल्लर उरते. चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. मग ती घरी कपाटाच्या खणात पडून राहतात. त्याआधीच, विमानातच, कर्मचारी पाकीट घेऊन फिरले तर? क्वांटास, कॅथे पॅसिफिक अशा कंपन्यांनी ती पाकिटं फिरवली आणि कोट्यवधी डॉलर जमले. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावर रेड क्रॉससाठी जुन्या व्हिडिओ गेमची यंत्रं मांडली गेली. कुठल्याही देशाचं नाणं टाका आणि विमान लागेपर्यंत खेळा. फ्रान्सने 2006 पासून विमानाच्या तिकिटावर थेट कर बसवला. त्यातून ‘युनिटेड’ या संस्थेमार्फत एचआयव्ही, क्षयरोग आणि मलेरियाच्या औषधांना पैसा मिळू लागला.

आपल्याकडे जेट एअरवेजच्या विमानांत ‘मॅजिक बॉक्स’ होता. त्यात जमलेले पैसे मुंबईच्या ‘सेव्ह द चिल्ड्रन इंडिया’ला जात. एप्रिल 2019 मध्ये जेटची उड्डाणं थांबली आणि ती वाटही बंद झाली.

बेंगळुरूत नाण्यांची युक्ती फारशी चालणार नाही. 2024-25 मध्ये या विमानतळाने 4 कोटींहून जास्त प्रवासी पाहिले आणि त्यांतले बहुसंख्य देशातल्या देशात फिरणारे. पुण्याहून सकाळी येऊन रात्री परतणाऱ्याच्या खिशात परकी चिल्लर कुठून येणार? बऱ्याचदा आपलीही नसते. सगळा व्यवहार यूपीआयवर. म्हणून मागणाऱ्यांनी मोर्चा तिकिटाच्या पडद्याकडे वळवला. पैसे भरायच्या पानावर पाच-दहा रुपयांच्या देणगीची चौकट आली. प्रवाशाने स्वतः खूण केली तर ही पद्धत चांगलीच आहे. पण काही ठिकाणी ती खूण आधीच केलेली असे आणि घाईत ती कुणाच्या लक्षातही येत नसे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या 13 प्रकारांवर बंदी आणली. ग्राहकाला न विचारता बिलात देणगी घालणं त्यांतच मोडतं. हे योग्यच झालं. नकळत काढून घेतलेल्या दहा रुपयांना दान म्हणता येत नाही.

‘मिट्टी’ची सुरुवात विमानतळापासून फार लांबची. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या अलिना आलम यांनी 2017 मध्ये हुबळीत, पत्र्याच्या एका जुनाट शेडमध्ये पहिला कॅफे थाटला. हाताशी भांडवल नव्हतं. भांडीकुंडी, सामानसुमान लोकांकडून मागून आणलेलं. पुढे कॅफे इन्फोसिस, विप्रोसारख्या कंपन्यांच्या आवारांत गेले. 10 नोव्हेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातल्या कॅफेचं उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी केलं.

यातली खरी गोम जागेची आहे. विमानतळावरचा दुकानदार भाडं आणि विक्रीतला वाटा देऊन मेटाकुटीला येतो, म्हणून तिथली कॉफी महाग. यजमान संस्थेने जागेचा भार हलका केला, तर गल्ल्यातला पैसा पगार आणि प्रशिक्षणाकडे वळतो. कामाची आखणीही माणूस पाहून करावी लागते. ऐकू न येणाऱ्याला ऑर्डर द्यायची तर गिऱ्हाईक मेन्यूवर बोट ठेवतं, समोरचा मान हलवतो, पुन्हा एकदा बोटाने खात्री करून घेतो. यात मिनिटभर जास्त जात असेल. पण त्या मिनिटभरात बोर्डिंगच्या घाईतला माणूस समोरच्याकडे नीट बघतो. पाकिटात नाणं टाकणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांतले जेमतेम 36 टक्के कामाला होते. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या, पण खासगी दुकान, हॉटेल, कॅफे यांच्यावर तशी सक्ती नाही. तिथे कुणीतरी आपणहून दार उघडावं लागतं.

पुण्याचं नवं टर्मिनल 2024 मध्ये सुरू झालं, नवी मुंबईचा विमानतळही उभा राहिला. दोन्हीकडे एकेक काउंटर अशा माणसांसाठी राखून ठेवावं, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. विमानतळ प्राधिकरणाची ‘अवसर’ योजना 2022 पासून बचत गटांना विमानतळावर शंभर-दोनशे चौरस फुटांची जागा आळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस देते. म्हणजे जागा काढता येते. फक्त इथे पंधरा दिवसांची पाळी उपयोगाची नाही. कॉफीचं यंत्र हाताळायला, गर्दीत न गोंधळता बिल करायला शिकण्यातच काही जणांचे महिने जातात. तेव्हा करार वर्षांच्या हिशेबात करावा आणि भाडं पहिल्या दिवसापासून माफ असावं.