टेबलावर मावला म्हणजे एनएमआर झाला?

मुलांचे जीव घेणाऱ्या छिंदवाड्याच्या कफ सिरप प्रकरणात नागपूरच्या रुग्णालयांतून आलेल्या बातम्या कोणी विसरलेला नाही. तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत ‘कोल्ड्रिफ’ या सिरपमध्ये ४८.६ टक्के विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघाले. चालते ते जेमतेम ०.१ टक्का. एवढी भेसळ औषधात उतरण्याआधी, कच्च्या मालाच्या पिंपातच दिसायला हवी होती. असा विचार सुरू झाला की टेबलावर बसणाऱ्या एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) यंत्राचे नाव निघते. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात त्याचे वजन आणि लांबी-रुंदी ठळक छापलेली असते. माझ्या मते आकार हा त्यातला सर्वांत गौण गुण आहे. तेलबियांतले तेल आणि ओलावा मोजणारी एनएमआर यंत्रेही टेबलावरच बसतात, आणि त्या कामात ती चोख आहेत. पण ती संदेश किती वेगाने विरतो एवढेच पाहतात. रेणूतला कोणता हायड्रोजन कुठे बसला आहे, हे त्यांना सांगता येत नाही. ते सांगणारा वर्णपट जे यंत्र देते, त्यालाच स्पेक्ट्रोमीटर म्हणावे.

हा वर्णपट मिळवण्यातली खरी अडचण चुंबकाची आहे. मोठ्या यंत्रांत अतिसंवाहक तारांचे वेटोळे उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेले असते. हेलियम भरत राहावे लागते, स्वतंत्र खोली लागते आणि चालवणारा जाणकारही लागतो. छोट्या यंत्रात यांतले काहीच नसावे, ही पहिली अट. म्हणून तिथे निओडिमियम किंवा समेरियम-कोबाल्टचे कायमचुंबक येतात. बर्कलीच्या क्लाऊस हालबाख यांनी १९८०च्या सुमारास कणत्वरकांसाठी चुंबकांची एक रचना मांडली होती. कड्यातला प्रत्येक तुकडा थोडा वेगळ्या दिशेला वळवायचा, म्हणजे क्षेत्र आत एकवटते आणि बाहेर जवळजवळ फिरकत नाही. शेजारच्या टेबलावरचे घड्याळ सुरक्षित राहते ते या युक्तीमुळे. मात्र निओडिमियमचे चुंबकत्व तापमानाच्या एका अंशाने सुमारे ०.१ टक्का, म्हणजे दशलक्षात हजार भागांनी घटते, आणि हायड्रोजनचा अख्खा नेहमीचा वर्णपट मावतो दशलक्षात बारा भागांत! म्हणजे खोली एका अंशाने तापली तर वर्णपट स्वतःच्या रुंदीच्या ऐंशीपट सरकेल. म्हणून चुंबकाचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर ठेवावे लागते. उरलेले सरकणे यंत्राने स्वतः ओळखून दुरुस्त करायचे, तेही महागडा ड्यूटेरियमयुक्त विद्रावक न मागता. नेहमीच्या पाच मिलिमीटर नळीत वर्णरेषेची रुंदी अर्ध्या हर्ट्झच्या आसपास यायला हवी. साठ मेगाहर्ट्झच्या छोट्या यंत्रात याचा अर्थ, नमुन्यात सर्वत्र क्षेत्र अब्जात आठ भागांइतके एकसारखे. माझ्या लेखी पात्रता ठरते ती इथे.

साठ मेगाहर्ट्झ तर १९६१ मध्येच व्हेरियन कंपनीच्या ए-६० यंत्रात होते, मग यात नवे काय, असा आक्षेप जुने रसायनशास्त्रज्ञ घेतात, आणि तो अर्धा खरा आहे. इलेक्ट्रॉनिक्स आणि फूरिए पद्धतीमुळे आजचे यंत्र कितीतरी चपळ झाले, पण भौतिकशास्त्र बदललेले नाही. संवेदनक्षमता क्षेत्राच्या साधारण दीडाव्या घाताने वाढते. सहाशे मेगाहर्ट्झचे यंत्र साठच्या तुलनेत तीसपट संवेदनक्षम ठरते, आणि तितकाच स्पष्ट संदेश मिळवायला छोट्याला हजारपट वेळ हवा. शिवाय शिखरे एकमेकांवर चढतात. २०२० मध्ये गाजलेल्या मधाच्या भेसळीचे उदाहरण घ्या. तिथे डझनभर शर्करांचे संदेश एकाच पट्ट्यात दाटलेले असतात. ते सोडवायला मोठेच यंत्र हवे. छोट्या यंत्राने मधाला शुद्धतेचे प्रमाणपत्र द्यावे, अशी अपेक्षा करणारा स्वतःच फसतो.

सिरपच्या कच्च्या मालाचे, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे पिंप मात्र मधासारखे गुंतागुंतीचे नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या मिथिल गटाचे शिखर दशलक्षात १.१ भागांच्या आसपास, बाकीच्या गर्दीपासून दूर, एकटे उभे राहते. डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये मिथिल गटच नाही. कार्बनला जोडलेले त्याचे आठही हायड्रोजन ३.६च्या आसपास गोळा होतात. शुद्ध मालात मिथिलचे तीन आणि कार्बनला जोडलेले उरलेले तीन हायड्रोजन समसमान भरतात. भेसळ झाली की तो तोल ढळतो, आणि एनएमआरमध्ये शिखराखालचे क्षेत्रफळ थेट हायड्रोजनच्या संख्येचे माप असते. अवरक्त किरणांचे हातात धरायचे यंत्र स्वस्त पडेल हे मान्य. पण त्याला आधी संदर्भनमुने शिकवावे लागतात आणि इथली मोजणी रेणूच्या रचनेतूनच येते. ०.१ टक्क्याच्या मर्यादेचा निवाडा मात्र गॅस क्रोमॅटोग्राफीकडेच राहील. टेबलावरचे यंत्र दारावरचा पहारेकरी आहे, न्यायाधीश नव्हे. म्हणून खरेदीच्या निविदेत नुसते मेगाहर्ट्झ आणि किलोग्रॅम मागून भागणार नाही. आपल्याच पिंपातल्या मालात एक-दोन टक्के डायइथिलीन ग्लायकॉल मिसळून विक्रेत्याला ते ओळखून दाखवायला सांगावे, आणि ही चाचणी मे महिन्यात, खोलीतला एसी बंद करून घ्यावी.