जगाने मिळून खेळलेला डाव

२१ जून १९९९ला बुद्धिबळाचा तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. समोर काळी मोहरी घेऊन बसले होते 'जग'. पंचाहत्तरहून अधिक देशांतले पन्नास हजारांवर लोक या डावात इंटरनेटवरून उतरले. प्रत्येक चालीला चोवीस तास आणि जिला सर्वाधिक मते पडतील ती जगाची चाल, एवढाच नियम. मदतीला चार सल्लागार होते. त्यांतला सर्वांत मोठा १९ वर्षांचा, सर्वांत धाकटी १४ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी अनातोली कार्पोव्ह या बुद्धिबळपटूने असाच 'जगा'चा सामना ३२ चालींत आटोपला होता. कास्पारोव्हला मात्र चार महिने आणि ६२ चाली लागल्या.

कशामुळे? लोकांच्या संख्येमुळे, असे उत्तर चटकन तोंडावर येते. या उत्तरामागे गणितही आहे. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ साली मांडलेले. दोनच पर्यायांतून स्वतंत्रपणे निवडणारा प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता ५५ टक्के धरा. १०१ जणांचे बहुमत बरोबर असण्याची शक्यता ८४ टक्क्यांच्या आसपास जाते आणि १००१ जणांचे बहुमत जवळजवळ चुकतच नाही. पण हीच शक्यता ४५ टक्क्यांवर आणा, की सगळे उलटे फिरते. मतदार वाढतील तसे चुकीचे उत्तर पक्के होत जाते! अवघड पटस्थितीत बरोबर चाल ओळखणारे सामान्य खेळाडू निम्म्याहून कमीच असणार. म्हणजे नुसती डोकी मोजून कास्पारोव्हसमोर टिकाव लागणे कठीणच होते.

दुसरी अडचण अशी की चालींची सरासरी काढता येत नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९०७ साली प्लिमथच्या जत्रेतल्या बैलाच्या वजनाबद्दल लोकांनी केलेले ७८७ अंदाज तपासले. त्यांतला मधला अंदाज १२०७ पौंडांचा निघाला. खरे वजन ११९८. तिथे एकाची जास्तीची चूक दुसऱ्याच्या कमीच्या चुकीने भरून निघते. पटावर निम्म्या लोकांना हत्ती हलवायचा असेल आणि निम्म्यांना घोडा, तर मधली चाल कुठून आणणार? शिवाय आजचे बहुमत हल्ल्याच्या बाजूचे आणि उद्याचे बचावाच्या बाजूचे असले, तर दोन्ही चाली सुट्या सुट्या चांगल्या असूनही डाव भरकटतो.

जग इतके दिवस टिकले ते दहाव्या चालीने आणि त्यानंतर लागलेल्या शिस्तीने. सल्लागारांपैकी १५ वर्षांच्या इरिना क्रशने वजीर ई-६ घरात नेण्याचे सुचवले. सिसिलियन बचावाच्या ज्या प्रकारात डाव चालला होता, त्यातली ही नवी चाल होती. वजिराचा डोळा पांढऱ्याच्या ई-४ आणि सी-४ या दोन्ही प्याद्यांवर! पुढच्या झटापटीत जगाचा एक हत्ती गेला, पण बदल्यात घोडा आणि दोन प्यादी मिळाली आणि कास्पारोव्हला सरळ मार्ग उरला नाही. त्यानंतर क्रश आणि तिच्या सोबतच्यांनी पुढच्या संभाव्य चालींच्या फांद्याफांद्यांचे विश्लेषण उघडपणे मांडायला सुरुवात केली. कोणी घरच्या संगणकावर एखादी फांदी तपासायचा, कोणी त्यात भोक दाखवायचा. मत देणारे हजारो असले, तरी डाव पेलला तो या खपणाऱ्या थोड्या मंडळींनी. माझ्या मते त्या सामन्याचा खरा शोध हाच: मतदान हे सगळ्यांत शेवटचे आणि सगळ्यांत कमी महत्त्वाचे काम आहे.

उघड्यावर खलबते करण्याची किंमतही मोजावी लागली. जगाची चर्चा आपण वाचत होतो, हे कास्पारोव्हने नंतर मान्य केले. सेनापतीच्या तंबूत शत्रूला पाट मांडून बसवण्यातला हा प्रकार. शेवटी वजीर आणि प्याद्यांच्या नाजूक अंतिम डावात व्यवस्थाच ढासळली. ५१व्या चालीला क्रशचा सल्ला डावलला गेला आणि एकाच माणसाने अनेक मते टाकल्याची ओरड झाली. ५८व्या चालीला तिचे विश्लेषण वेळेत मतदारांपुढे आलेच नाही. चिडलेल्यांनी पुढच्या चालीला मुद्दाम वजीर फुकट घालवणारी चाल निवडून आणली. खोट्या मतांमुळे संयोजकांनी ती बाद केली. २२ ऑक्टोबरला जगाने डाव सोडला, तोही मतदानाने आणि जेमतेम ५१ टक्क्यांनी.

त्यानंतर २०२५ साली बुद्धिबळपटू मॅग्नस कार्लसनसमोर सुमारे १ लाख ४३ हजारांचे 'जग' बसले. सुरुवातीची मोहऱ्यांची मांडणीच बदललेली असल्याने पाठ केलेल्या चाली कुणाच्याच कामाच्या नव्हत्या. ३२व्या चालीला जगाने तीच पटस्थिती तिसऱ्यांदा आणून बरोबरी साधली.

चेस.कॉमवर 'व्होट चेस' नावाने दोन क्लबांना असाच डाव खेळता येतो. तुमच्या सोसायटीचा किंवा कॉलेजच्या जुन्या मित्रांचा गट असेल तर जरूर खेळून पाहा. फक्त चर्चा प्रतिस्पर्ध्याला दिसणार नाही अशी ठेवा, चालू योजना एकाने लिहून सर्वांसमोर ठेवावी आणि पहिल्या तासातच मत टाकून मोकळे होणाऱ्यांना आवरा.