युद्धकाळचा उसना तास

दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हिंदुस्थानांतील घड्याळें सरकारी हुकुमानें एक तास पुढें चालत होतीं. ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें असणारा आपला प्रमाणकाल त्या अवधींत साडेसहा तास पुढें होता.

ही उजेडबचतीची युक्ति मूळची आपली नव्हे. उन्हाळ्यांत पहाटेचा उजेड लोकांच्या निजण्यांत फुकट जातो आणि रात्रीं दिवे मात्र जाळावे लागतात, ही विल्यम विलेट या इंग्रज गृहस्थाची तक्रार. घरें बांधण्याचा त्याचा धंदा होता. १९०७ सालीं त्यानें या विषयावर एक पुस्तिका छापली. एप्रिलच्या चार रविवारीं वीस-वीस मिनिटें घड्याळ सरकवावें, अशी त्याची मूळ सूचना! बिचारा १९१५ सालीं वारला, आणि पुढच्याच वर्षीं, पहिलें महायुद्ध चालू असतां, कोळसा वांचविण्यासाठीं प्रथम जर्मनीनें व मागोमाग इंग्लंडनें ती युक्ति उचलली.

लंडनला ती शोभतेहि. तेथें जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा, डिसेंबरांतला जेमतेम आठ तासांचा. आमच्या मालवणास मोठ्यांत मोठा दिवस सुमारें तेरा तासांचा व लहानांत लहान अकराच्या थोडा वर. येथें शिल्लक टाकण्यास उजेड उरतोच किती?

शिवाय आम्ही आधींच कर्ज काढलेलें आहे. आपला प्रमाणकाल साडेब्याऐंशी रेखांशाचा, म्हणजे मिर्झापुराकडील. मालवण त्याच्या पश्चिमेस नऊ अंश. अंशास चार मिनिटें धरलीं म्हणजे मालवणचा सूर्य घड्याळाच्या ३६ मिनिटें मागें पडतो. १९०६ सालीं हा प्रमाणकाल आला, तेव्हांपासून कोंकणपट्टीची ही ओढाताण चालूच आहे. (मुंबईकरांनीं त्यावर केवढें रण माजविलें! आपला ३९ मिनिटें मागचा काल त्यांनीं १९५५ पर्यंत सोडला नाहीं.) त्यावर युद्धाचा तास पडला, तेव्हां तफावत एक तास छत्तीस मिनिटांची झाली. सूर्य माथ्यावर येई तों घड्याळांत दीड वाजून गेलेला असे. जानेवारींत येथें सूर्योदय सातनंतर सात-आठ मिनिटांनीं होतो. त्या वर्षांत तो आठनंतर होऊं लागला.

पंचांगास या हुकुमाचें सोयरसुतक नव्हतें. त्याच्या साठ घटिका सूर्योदयापासून मोजावयाच्या. आपल्या घरांतून मात्र घड्याळच पुढें झालें आहे. रामनवमीस बाराच्या ठोक्यावर पाळणा हलतो, त्या वेळीं मालवणास खरा मध्याह्न व्हावयास अर्ध्या तासाहून अधिक अवकाश असतो, हें किती जणांच्या ध्यानांत येतें? आमच्या गाबीत बांधवांची गोष्ट निराळी. भरती चंद्राच्या तंत्रानें रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते; होडी त्याच हिशेबानें पाण्यांत लोटावयाची.

हा जुना विषय आज पुन्हा उकरण्यास कारण आहे. सबंध देशाचें घड्याळ कायमचें अर्धा तास पुढें न्यावें, म्हणजे संध्याकाळच्या दिव्यांची वीज वांचेल, अशी सूचना कांहीं शास्त्रज्ञांनीं केलेली आहे. तिच्यामागें आसामची खरी अडचण आहे. दिब्रुगडास सूर्य आमच्याहून सुमारें दीड तास आधीं माथ्यावर येतो. तेथील चहाच्या मळ्यांनीं आपलीं घड्याळें परस्पर एक तास पुढें ठेवलेलीं आहेत. परंतु त्या सूचनेप्रमाणें जानेवारींत मालवणचा सूर्योदय साडेसातनंतर होईल, आणि सातच्या शाळेस निघणाऱ्या पोरांना हातांत कंदील द्यावा लागेल. त्यापेक्षां आसामला त्याचा स्वतंत्र काल देणें आम्हांस अधिक न्याय्य वाटतें. दोन कालांनीं रेल्वेची पंचाईत होईल, असा आक्षेप घेतात. १९०५ पर्यंत रेल्वे मद्रासच्या कालानें चालत होती, आणि तिच्या वाटेवरील मुंबई-कलकत्त्यासारखीं शहरें आपापल्या कालानें.