रंगाचा डबा उघडण्याआधी भिंतीची ओल शोधा

पाऊस उघडला की आपल्या मंडळ्यांकडून निरोप यायला लागतात. नाताळापूर्वी पाड्यावरच्या चार घरांना रंग देऊ या का? तरुण संघ यायला तयार असतो, डबेही कुणीतरी दिलेले असतात. या प्रेमाबद्दल मी देवाचे आभारच मानते. पण जव्हार-मोखाड्याच्या बाजूला काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डिसेंबरात रंगवलेली भिंत पुढच्या श्रावणात पोपडे धरते आणि पोपड्यामागे बुरशी असते. रंगाने ओल जात नाही, काही महिने दिसेनाशी होते इतकंच. म्हणून ती कशी शोधायची ते यंदा सविस्तर लिहिते.

इथली जुनी घरं कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, वर माती आणि शेणाचा लेप द्यायचा. पाऊस संपला की लेप पुन्हा. अशी भिंत भिजते तशी वाळतेही, कौलांच्या फटींतून हवा खेळते. (त्याच घरात चुलीचा धूर बायकांच्या छातीत जायचा, तेव्हा जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही.) कुडात ओल दडते ती काठ्यांच्या बुडाशी. तिथे कोयत्याचं टोक टोचून पाहावं. काठी भुसभुशीत लागली तर ती आतून कुजली आहे.

नव्या घरकुलाचं गणित वेगळं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे. तेवढ्या जागेत पाच-सहा माणसं झोपतात, भात शिजतो, पावसाळ्यात कपडेही आतच वाळतात. थंडीवाऱ्यामुळे खिडकी बंद. सिमेंटच्या गिलाव्यात शिरलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही, आणि वरून भिंत कोरडी दिसते.

शोधाची सुरुवात नाकाने करावी. दारातून आत आल्यावर पहिल्या मिनिटात कुबट वास आला तर तो लक्षात ठेवा, कारण थोड्या वेळाने तुम्हालाही तो येईनासा होतो. घरच्यांना तर त्याची सवयच झालेली असते. त्यामुळे या कामात पाहुणा जास्त उपयोगी. मग घरातल्या ताईंना विचारून भिंतीला टेकवलेल्या वस्तू हलवा. ट्रंक, वळकट्या, तांदळाची पोती, भिंतीवरची तसबीर, मागच्या वर्षीचं कॅलेंडर. बुरशीला हवा न खेळणारी जागा आवडते. बॅटरीचा झोत भिंतीवर समोरून न मारता भिंतीला लागून तिरपा मारा, म्हणजे फुगलेला रंग सावलीसकट दिसतो. बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे गिलावा सुटलेला आहे.

ओल सापडली तरी ती कुठून आली हे कळल्याशिवाय उपाय करू नये. जमिनीतून चढलेली ओल जोत्यापासून साधारण कमरेइतकी वर येते, तिची वरची कड आडव्या पट्ट्यासारखी दिसते आणि त्या कडेला पांढरी भुकटी फुटते. जुनी माणसं याला लोणा लागला म्हणतात. पाणी वर चढताना जमिनीतले आणि विटांतले क्षार बरोबर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. छपरातून किंवा भेगेतून येणारं पाणी पावसामागोमाग दिसतं आणि त्याच्या डागाला पिवळसर-तपकिरी कडा असते. मोरीमागची ओल पाऊस असो नसो, बाराही महिने तशीच. तिसरा प्रकार लोक हमखास चुकीचा ओळखतात. थंडीच्या पहाटे माणसांच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ गार भिंतीवर निवते आणि कोपऱ्यात काळे ठिपके येतात. तिथे लोणा नसतो. लोक मात्र स्लॅब गळतो म्हणून वर डांबर ओततात.

शंका राहिलीच तर एक बिनखर्ची चाचणी आहे. वीतभर पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे आले तर ओल भिंतीतून येते. पुढच्या बाजूला आले तर ती खोलीतल्या हवेतली. पट्टी चिकटतच नसेल तर चाचणीची गरज उरली नाही!

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि आठवड्याने परत या. ही पद्धत आपल्याला नवी नाही. लेवीयच्या चौदाव्या अध्यायात याजक घराच्या भिंतीवरचे हिरवट-तांबूस चट्टे पाहतो, घर सात दिवस बंद ठेवतो आणि सातव्या दिवशी परत येऊन चट्टा पसरला का ते बघतो. पसरला असेल तर ते दगड काढायचे, आतून भिंत खरवडायची, नवे दगड आणि नवा गिलावा. हे चट्टे बुरशीसारखे असावेत असं पुष्कळ अभ्यासक मानतात. तो अध्याय काही बांधकामाचं पुस्तक नव्हे. तरी चट्ट्यावर नुसता चुना फासून मोकळं व्हा असं तिथेही सांगितलेलं नाही. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. याजक येण्याआधी घरातलं सामान बाहेर काढायला सांगितलं आहे, म्हणजे गरिबाच्या वस्तू अशुद्ध ठरणार नाहीत.

हे सगळं का करायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा, खोकला आणि श्वसनाचे आजार जास्त आढळतात असं त्यांत म्हटलं आहे. किती बुरशी चालेल याचा आकडा मात्र देता येत नाही, म्हणून ओलच काढावी. बुरशी कोणत्या जातीची हे तपासायला पैसे घालवू नयेत. २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ नावाने गाजलेला आजार वेगळा, त्याच्या धास्तीने भिंतीवरच्या ठिपक्यांना भिऊन घर सोडू नये. पण एक सांगते, दोन आठवड्यांहून जुना खोकला भिंतीवर ढकलू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते, ती आधी.

बुरशी पुसताना नाकातोंडाला रुमाल बांधा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. कोरड्या झाडूने झाडली तर ती घरभर उडते. दम्याच्या माणसाला आणि लेकरांना तेवढा वेळ बाहेर बसवा. ट्रंका भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि भात शिजताना खिडकी उघडी ठेवा.

तेव्हा यंदा तरुण संघाने येताना कुदळी आणि घमेली आणावीत. घराभोवतीची माती भिंतीपासून बाहेर उतरती करायची आहे, पागोळ्यांचं पाणी जोत्यावर न पडता पुढे जाईल असा चर खणायचा आहे, तीन-चार घरांना पन्हाळ लावायची आहे. भिंत पुरती वाळायला काही महिने जातील. नंतर ऑइल पेंट नको, चुन्याची सफेदी करू. ती भिंतीतली वाफ अडवत नाही आणि ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. दिलेले डबे तोवर पाड्यावरच्या शाळेच्या लोखंडी दारं-खिडक्यांना वापरता येतील, त्यांना रंगाची खरंच गरज आहे.