हाडाच्या तुकड्याची साक्ष

सैबेरियांतील डेनिसोव्हा गुहेंत हाडांचे हजारों तुकडे सांपडले. पण ते इतके बारीक, कीं कोणत्या प्राण्याचे तें डोळ्यांना कळेना. सामंथा ब्राऊन या संशोधिकेनें दोन हजारांहून अधिक तुकड्यांतील कोलॅजेन नांवाचें प्रथिन तपासलें. हें प्रथिन हाडांत दीर्घकाळ टिकतें आणि त्याची घडण कुळागणिक थोडी निराळी असते. पाचक द्रव्यानें त्याचे खंड करून यंत्रानें त्यांचीं वजनें घेतलीं, कीं प्राण्याचें कुळ उमगतें. अशा रीतीनें २०१६ सालीं जेमतेम अडीच सेंटिमीटरांचा एक तुकडा मानवकुळांतला ठरला. पुढें २०१८ सालीं त्यांतील आनुवंशिक द्रव्यावरून उघड झालें, कीं तो एका मुलीचा असून तिची आई निअँडरथल व पिता डेनिसोव्हन होता. कचऱ्यांत जमा होणाऱ्या हाडानें दोन मानवकुळांची सोयरीक सांगितली!