पालीचं पिल्लू वाकडं का जन्मतं?



खडूच्या खोक्यामागे पालीची दोन अंडी सापडली. एका मुलाने त्यातलं एक उचलून कानाशी हलवून पाहिलं. लगेच दुसरा म्हणाला, "बाई, आता पिल्लू वाकडं होणार!" त्याने मोबाईलवर लेपर्ड गेको या पाळीव पालीचा व्हिडिओ पाहिला होता. प्रश्न सोडून द्यायचा नव्हता, म्हणून हा लेख.

लेपर्ड गेको ही मूळची पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारताकडची. तिची एक बहीण, युब्लेफारिस फस्कस, आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये रानात राहते. (आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. मुलांना हे फार आवडलं.) परदेशात हौशी लोक तिची अंडी इनक्युबेटरमध्ये उबवतात. कधी कधी शेपूट मुरडलेलं, पाठीचा कणा वाकडा, जबडा तिरका किंवा डोळा-पापणी अर्धवट असलेलं पिल्लू बाहेर येतं.

यात मोठं कारण असतं तापमान. या पालीत नर-मादी सुद्धा उबेवर ठरतात: साधारण २६ अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या, ३२ ते ३३ अंशांच्या आसपास जास्त नर, आणि ३४-३५ च्या घरात पुन्हा माद्या. पण इतकी ऊब धोक्याचीच. जास्त उष्णतेत वाढ घाईने होते, अवयव नीट जुळत नाहीत, गर्भ मरतोही. थर्मोस्टॅट बिघडून तापमान सारखं वर-खाली झालं तरी तोच धोका.

मग ओलावा. या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. ते भोवतालचं पाणी शोषून फुगतं. म्हणून ते ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये ठेवतात. कोरडं पडलं तर अंड्याला खळगे पडतात, फार ओलं झालं तर बुरशी येते.

आता हलवण्याचं. कोंबडी तर अंडी स्वतःच उलटते! तिच्या अंड्यात बलकाला सांभाळणारे पीळदार धागे असतात, पालीच्या अंड्यात ते नसतात. गर्भ वरच्या बाजूला येऊन तिथे स्थिरावतो. नंतर अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबू शकतो, नाजूक आवरणं फाटू शकतात. म्हणून पाळणारे अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने ठिपका देतात.

प्रत्येक वेळी दोष उबवणीचा नसतो, हे लोक विसरतात. आईच्या अंगात कॅल्शियम कमी असेल तर पिल्लू आधीच कमजोर. शिवाय नवनवे रंग मिळावेत म्हणून जवळच्या नात्यातल्या पाली जुळवतात, त्यातून दोष पुढच्या पिढीत उतरतात. 'एनिग्मा' नावाच्या रंगप्रकारातली काही पिल्लं डोकं तिरकं धरून गोल गोल फिरतात. तिथे इनक्युबेटर बिचारा काय करणार? मला स्वतःला ही रंगांची हौस पटत नाही.

आणखी एक गोष्ट: पाय नंतर महिन्या-दोन महिन्यांनी वाकले, तर ते जन्माचं व्यंग नसून बहुधा कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता असते. वेळेत प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवलं तर पिल्लू सावरू शकतं. मुरडलेल्या शेपटीचं पिल्लूही छान जगतं. जबडाच मिटत नसेल तर मात्र त्याला खाता येत नाही, ते कठीण.

आमची अंडी आम्ही अंदाजाने परत ठेवली. वरची बाजू कुठली होती ते त्या मुलाला आठवेना. सुट्टीनंतर पाहिलं तर एक कवच फुटून रिकामं, दुसरं तसंच. हलवलेलं त्यातलं कोणतं, हे आता कुणालाच सांगता येत नाही.